आज कॉलेज बंद आहे, कारण शिक्षक शिकतायत



दर सेमिस्टरच्या सुरुवातीला आपल्या पालकांच्या ग्रुप्सवर एक मेसेज हमखास फिरतो. "उद्या पुन्हा कम्युनिटी कॉलेजला सुट्टी! म्हणे टीचर्सचं वर्कशॉप आहे. आपल्या टॅक्सच्या पैशांवर यांची मज्जा." खाली दहा-बारा हसरे चेहरे आणि एखादं "अगदी बरोबर".

मी कॅलिफोर्नियात एका कम्युनिटी कॉलेजात पार्ट टाइम गणित शिकवते. घरी हायस्कूलमधली दोन मुलं आहेत, त्यामुळे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसते. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वर्गाचा एक दिवस बुडवून शिक्षकांनी शिकवायला शिकणं, यात आपल्या मुलांचा तोटा नाही, फायदा आहे. फक्त ते वर्कशॉप खरं असायला हवं, पाट्या टाकण्याचं नको. आणि ते खरं आहे की नाही हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. आपण तो वापरत नाही, हे माझं दुखणं.

हा विषय आपला कसा?

"आमची मुलं काय कम्युनिटी कॉलेजला जाणार नाहीत" असं मनात म्हणून पुढे स्क्रोल करणाऱ्यांसाठी हा परिच्छेद.

तुमचा अकरावीतला मुलगा ड्युअल एनरोलमेंटमध्ये कॅल्क्युलस किंवा इकॉनॉमिक्स घेतोय ना? तो कम्युनिटी कॉलेजचा विद्यार्थी आहे. त्या कोर्सचा ग्रेड त्याच्या कायमच्या कॉलेज ट्रान्स्क्रिप्टवर राहतो, हायस्कूल संपलं म्हणून पुसला जात नाही. H4 वर आलेली तुमची वहिनी अकाउंटिंग किंवा प्रोग्रॅमिंगचे कोर्स करून पुन्हा नोकरीला लागायचं बघतेय, तीही तिथलीच विद्यार्थिनी. मित्राची मुलगी दोन वर्षं इथे काढून डेव्हिसला किंवा अर्वाइनला ट्रान्सफर घेणार आहे, तीही.

देशभरात अशी हजाराहून जास्त कॉलेजं आहेत. पहिलं पब्लिक ज्युनिअर कॉलेज १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला सुरू झालं, ते आजही चालू आहे. एकट्या कॅलिफोर्नियात ११६ कॉलेजं आहेत आणि राज्यातल्या रहिवाशांना युनिटमागे फी ४६ डॉलर. आपल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमात मात्र यांचा उल्लेख खालच्या आवाजात होतो. "कम्युनिटी कॉलेजला आहे" हे वाक्य आपण "आजारी आहे" अशा सुरात म्हणतो. ते सोडायला हवं, पण तो वेगळा विषय. आजचा विषय तिथे शिकवणारी माणसं.

शिकवायला कुणी शिकवलं?

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. इथे पब्लिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायचं तर टीचिंग क्रेडेन्शिअल लागतं. मुलं कशी शिकतात, वर्ग कसा सांभाळायचा याचा अभ्यास करावा लागतो आणि दुसऱ्या शिक्षकाच्या हाताखाली शिकवून दाखवावं लागतं. कम्युनिटी कॉलेजात बहुतेक शैक्षणिक विषयांना किमान पात्रता काय, तर त्या विषयातली मास्टर्स. बस्. शिकवण्याचं प्रशिक्षण त्यात नाही.

म्हणजे केमिस्ट्रीत मास्टर्स झालेला माणूस शुक्रवारी कॉन्ट्रॅक्टवर सही करतो आणि सोमवारी पस्तीस जणांसमोर उभा राहतो. त्या पस्तीसमध्ये सोळा वर्षांचा ड्युअल एनरोलमेंटवाला असतो, रात्रपाळी करून आलेली चाळीस वर्षांची बाई असते, नुकताच सैन्यातून परतलेला तरुण असतो, आणि घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच पिढी असलेली मुलगी असते. एकाच वर्गात इतकी वेगवेगळी माणसं स्टॅनफर्डच्या प्रोफेसरला कधी शिकवावी लागत नाहीत.

वर या कॉलेजांत रिसर्चची सक्ती नाही. प्राध्यापकाचं काम एकच, शिकवणं. तेच कसं करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ही उणीव भरून काढायची जागा म्हणजे ही वर्कशॉप्स. दुसरी जागा नाही.

कॅलिफोर्नियात याला फ्लेक्स डे म्हणतात. वर्षाच्या १७५ शिकवण्याच्या दिवसांपैकी जास्तीत जास्त १५ दिवस कॉलेजला या कामासाठी वापरता येतात. त्या दिवशी विद्यार्थ्यांना वर्ग नसतात, शिक्षकांना काम असतं. सुट्टी नसते.

आपला संशय कुठून येतो

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुणी ना कुणी प्राध्यापक आहे. काका, मावशी, सासरे. त्यामुळे "रिफ्रेशर कोर्स" हा शब्द आपण लहानपणापासून ऐकलाय. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने विद्यापीठांत अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. कल्पना उत्तम होती. पण ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर हे प्रमोशनला जोडलेले होते, आणि जिथे प्रमोशन येतं तिथे सर्टिफिकेट येतं. घरी आलेल्या काकांना "काय शिकलात?" असं कुणी विचारत नसे. "झाला का रिफ्रेशर?" एवढंच विचारत. तिथे मनापासून शिकवणारे आणि मनापासून शिकणारे लोक होतेच, पण घरात पोचली ती गोष्ट हजेरीची आणि फाइलला लावलेल्या सर्टिफिकेटची.

म्हणून इथे "टीचर ट्रेनिंग" ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर तेच येतं. आणि खरं सांगायचं तर इथेही तसली वर्कशॉप्स आहेत. सभागृहात दोनशे माणसं, बाहेरून आलेला वक्ता, साठ स्लाइड्स, "विद्यार्थ्यांना केंद्रस्थानी ठेवा" हे सहा प्रकारे सांगून झालं की सँडविच, मग फीडबॅकचा फॉर्म. कसं शिकवावं हे दोन तास लेक्चर देऊन सांगणं म्हणजे पोहायला शिका असं कोरड्या काठावरून ओरडण्यासारखं. अशा दिवसाबद्दल तुम्ही ग्रुपवर हसलात तर मी तुमच्याबरोबर हसेन.

पण दुसरा प्रकारही आहे, आणि तो तुम्हाला कुणी दाखवत नाही.

खरं वर्कशॉप कसं असतं

पहिलं उदाहरण कॅनडातलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश कोलंबियात इन्स्ट्रक्शनल स्किल्स वर्कशॉप सुरू झालं. कॅनडाभर पसरलं, कॅलिफोर्नियातल्या कॉलेजांनीही उचललं. त्यात भाषण नसतं. पाच-सहा शिक्षक, तीन-चार दिवस. प्रत्येकाने दहा मिनिटांचा एक छोटा पाठ घ्यायचा, बाकीचे विद्यार्थी होऊन शिकणार. पाठ संपला की तेच सांगणार, मला काय कळलं, कुठे हरवलो, कुठे कंटाळलो. बहुतेक वेळा पाठाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं, ते स्वतः बघायचं. मग दुसऱ्या दिवशी नवा पाठ, तिसऱ्या दिवशी आणखी एक.

गंमत अशी की गटात विषय मुद्दाम वेगवेगळे असतात. मी ज्या गटात होते तिथे वेल्डिंगचे एक मास्तर होते, नर्सिंगच्या एक बाई होत्या, इतिहासाचे एक सर होते. वेल्डिंगच्या मास्तरांनी दहा मिनिटांत आम्हाला दोन धातूंच्या तुकड्यांच्या जोडाबद्दल शिकवलं. चांगला जोड आणि वाईट जोड हातात दिले, आधी आम्हाला फरक ओळखायला लावला, मग नावं सांगितली. वीस वर्षं इतिहास शिकवणारे सर पाठ संपल्यावर म्हणाले, "मी नेहमी आधी नावं सांगतो, मग वस्तू दाखवतो. म्हणूनच मुलं नावं पाठ करतात आणि वस्तू विसरतात." हे त्यांना कुठल्याही स्लाइडने शिकवलं नसतं. ते कितीतरी वर्षांनी पुन्हा बाकावर बसले, न समजण्याची भीती काय असते ते त्यांना आठवलं, म्हणून ते उमगलं.

दुसरं उदाहरण टेक्सासमधल्या ओडेसा कॉलेजचं. तिथे सेमिस्टरच्या मध्येच वर्ग सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. २०११ च्या सुमारास त्यांनी शोध घेतला की काही शिक्षकांच्या वर्गातून मुलं फारशी गळत नाहीत, ती का? त्या शिक्षकांशी बोलल्यावर लक्षात आलं की त्यांच्या शिकवण्याच्या पद्धती अगदी वेगवेगळ्या आहेत, सारखं आहे ते त्यांचं मुलांशी असलेलं नातं. मग कॉलेजने सगळ्या शिक्षकांसमोर चार साध्या गोष्टी ठेवल्या. मुलांची नावं लक्षात ठेवा आणि नावाने हाक मारा. कोण मागे पडतंय यावर नजर ठेवा आणि लगेच बोला. सुरुवातीच्या काळात प्रत्येकाला एकदा एकटं भेटा. नियम पक्के ठेवा, पण अडचण खरी असेल तर वाकायची तयारी ठेवा. गळती कमी झाली. या चार गोष्टींत एकही महागडं सॉफ्टवेअर नाही. आपल्या गावच्या शाळेतले चांगले गुरुजी हेच करत होते. फरक एवढाच की इथे ते एकेका शिक्षकाच्या स्वभावावर न सोडता सगळ्यांनी मिळून ठरवलं.

तिसरी गोष्ट त्याहून छोटी. मेरी-ॲन विंकेल्मस या अमेरिकन प्राध्यापिकेने चालवलेल्या एका प्रकल्पात शिक्षकांना असाइनमेंट लिहायला शिकवतात. तीन गोष्टी स्पष्ट लिहायच्या: हे का करायचं, नेमकं काय करायचं, आणि चांगलं झालं हे कशावरून ठरणार. ऐकायला अगदी क्षुल्लक. पण आपल्या घरातलं आठवून बघा. महाराष्ट्रात बारावी करून आलेली भाची पहिल्या इंग्लिश निबंधाला सी मिळाल्यावर रडत असते. तिला इंग्लिश येत नाही असं नसतं. "रिफ्लेक्ट ऑन द रीडिंग" म्हणजे नेमकं काय लिहायचं हेच तिला कुणी सांगितलेलं नसतं. "ऑफिस अवर्स" म्हणजे सर त्या वेळी कामात आहेत, त्रास देऊ नका, असं समजणारी कितीतरी मुलं मी बघितली आहेत. आपल्या संस्कारात वाढलेली तर विशेषच! शिक्षकाला एकदा हे कळलं की तो सिलॅबसमध्ये दोन ओळी जास्त लिहितो. त्या दोन ओळींनी एखादीचं सेमिस्टर वाचतं.

कायदा बदलला, वर्ग कुणी बदलायचा?

कॅलिफोर्नियातल्या पालकांनी आणखी एक बाब समजून घ्यावी. पूर्वी प्लेसमेंट टेस्टमध्ये कमी पडलेल्या मुलांना एक-दोन, कधी तीन रेमेडियल कोर्स करावे लागत. क्रेडिट काही मिळत नसे आणि बरीच मुलं तिथेच संपत. २०१७ च्या एबी ७०५ कायद्याने सांगितलं की विद्यार्थी वर्षभरात ट्रान्सफर पातळीचं गणित आणि इंग्लिश पुरं करेल याची शक्यता जास्तीत जास्त वाढवा. २०२२ च्या एबी १७०५ ने ते आणखी पुढे नेलं, आता सायन्स-इंजिनिअरिंगच्या मुलांना थेट कॅल्क्युलसला बसवण्याकडे कल आहे.

हेतू चांगला आहे. पण परिणाम असा की एकाच कॅल्क्युलसच्या वर्गात हायस्कूलमध्ये प्रीकॅल्क्युलस ए ग्रेडने केलेला तुमचा मुलगा आणि अपूर्णांकांना घाबरणारा कुणीतरी शेजारी-शेजारी बसतात. कायदा सॅक्रामेंटोत पास होतो, वर्ग मात्र मंगळवारी सकाळी आठला भरतो. अशा वर्गाला कसं शिकवायचं, जोडीचा सपोर्ट कोर्स कसा चालवायचा, हे शिक्षकांनी एकमेकांत बसून शिकल्याशिवाय जमणार नाही. "त्या कॉलेजात कॅल्क्युलस फार वाईट शिकवतात" म्हणून तक्रार करणारे पालक आणि "फ्लेक्स डे म्हणजे मज्जा" म्हणणारे पालक बहुतेक वेळा एकच असतात. दोन्ही कसं चालेल?

ज्यांना सगळ्यात गरज, तेच बाहेर

आता खरी गाठ. देशभरात कम्युनिटी कॉलेजमधले सुमारे दोन तृतीयांश शिक्षक माझ्यासारखे पार्ट टाइम आहेत, ज्यांना ॲडजंक्ट म्हणतात. कॅलिफोर्नियात एका डिस्ट्रिक्टमध्ये पार्ट टाइम शिक्षकाला पूर्ण वेळच्या ६७ टक्क्यांपर्यंतच काम देता येतं. मग पोट भरायला माणूस दोन-तीन डिस्ट्रिक्टमध्ये शिकवतो. सकाळी एक शहर, दुपारी दुसरं, संध्याकाळी तिसरं. इथे त्यांना फ्रीवे फ्लायर म्हणतात. गाडीच्या डिकीत तीन कॉलेजांच्या तीन पिशव्या.

वर्कशॉप ठरतं शुक्रवारी सकाळी दहाला. पूर्ण वेळ शिक्षकाच्या पगारात तो वेळ धरलेला असतो. पार्ट टाइमवाल्याला अनेक ठिकाणी त्याच्या शिकवण्याच्या तासांइतकेच थोडे तास मिळतात, त्यापुढचं स्वतःच्या खिशातून. तीन-चार दिवसांच्या वर्कशॉपला मी गेले तेव्हा माझे दोन दिवस बिनपगारी होते. मी जाऊ शकले, कारण घरी दुसरा पगार आहे. माझ्याच बरोबरीची, एकटीने मुलगा वाढवणारी एक सहकारी येऊ शकली नाही. तिच्या वर्गात सेमिस्टरला माझ्याहून जास्त मुलं असतात.

म्हणजे बहुतेक वर्ग ज्यांच्या हातात, त्यांच्यापर्यंत प्रशिक्षण पोचतच नाही. १९८८ च्या एबी १७२५ कायद्यात या राज्याने शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी वेगळा निधी ठेवला होता. पुढे बजेट आवळलं तेव्हा तो गेला. कात्री लागली की पहिली इथेच लागते, कारण प्रशिक्षण बंद पडलं म्हणून कुणी मोर्चा काढत नाही.

आणि इमारती? २००० साली प्रपोझिशन ३९ पास झालं. तेव्हापासून कॉलेजांचे बाँड ५५ टक्के मतांनी मंजूर होतात. पण तो पैसा बांधकामासाठी आणि उपकरणांसाठी असतो, पगारांसाठी किंवा रोजच्या खर्चासाठी वापरता येत नाही. म्हणून कॅम्पसवर काचेची सुंदर सायन्स बिल्डिंग उभी राहते, आपण तिच्यासमोर फोटो काढतो, आणि आत शिकवणाऱ्याला शिकायला द्यायला चार दिवसांचे पैसे नसतात. मंदिर बांधलं, पुजाऱ्याच्या दक्षिणेचं नंतर बघू, अशातला प्रकार.

काही आक्षेप

"चांगला शिक्षक जन्मावा लागतो." काही जन्मतात, कबूल. पण आपण आपल्या मुलीला गाण्याच्या क्लासला घालतो तेव्हा गळा देवाचा आणि रियाज आपला, असंच म्हणतो ना? शिकवण्याच्या बाबतीत मात्र रियाज कशाला लागेल?

"वीस वर्षांचा अनुभव आहे, त्यांना काय शिकवायचं?" वीस वर्षांचा अनुभव आणि एकाच वर्षाचा अनुभव वीसदा, यांत फरक असतो. मार्च २०२० मध्ये सगळे वर्ग एका आठवड्यात ऑनलाइन गेले तेव्हा तो सगळ्यांना दिसला. ऑनलाइन शिकवण्याचं प्रशिक्षण आधी घेतलेल्यांचे वर्ग आणि पीडीएफ चढवून मोकळे झालेल्यांचे वर्ग, आपल्या मुलांनी दोन्ही सोसले आहेत.

"मग विद्यापीठांत का नाही म्हणत?" म्हणायलाच हवं. पण तिथे चुकार शिकवणाऱ्याची भरपाई मुलं ट्यूशनने, मित्रांकडून, हॉस्टेलवर रात्री जागून करतात. कम्युनिटी कॉलेजचा विद्यार्थी वर्ग संपला की कामावर जातो. त्याच्या वाट्याला शिक्षकाचे तेवढे तासच येतात.

मग आपण काय करायचं?

आपण मराठी माणसं शाळेच्या पीटीएत जातो, सायन्स फेअरला सामोसे नेतो, पण कम्युनिटी कॉलेजच्या कारभाराकडे ढुंकूनही बघत नाही. कॅलिफोर्नियात प्रत्येक डिस्ट्रिक्टचं बोर्ड ऑफ ट्रस्टीज लोकांनी निवडून दिलेलं असतं. नागरिक असाल तर ती नावं मतपत्रिकेच्या तळाशी असतात, ती रिकामी सोडू नका. H1 वर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर मत देता येत नाही, पण बोर्डाच्या सभा सगळ्यांना खुल्या असतात आणि पब्लिक कॉमेंटच्या वेळी बोलायला नागरिकत्व लागत नाही.

तिथे किंवा ईमेलने हे प्रश्न विचारा:

१. नव्या शिक्षकाला पहिला वर्ग घेण्याआधी किती तासांचं प्रशिक्षण मिळतं?
२. पार्ट टाइम शिक्षकांना वर्कशॉपच्या वेळेचे पैसे मिळतात का? वर्कशॉप त्यांना जमेल अशा वेळी असतं का?
३. शिक्षक एकमेकांचे वर्ग बघतात का, की फक्त भाषणं ऐकतात?
४. वर्कशॉपनंतर सेमिस्टरभर काही पाठपुरावा असतो का?
५. ऑनलाइन शिकवणाऱ्याला त्याचं वेगळं प्रशिक्षण सक्तीचं आहे का?

दुसऱ्या राज्यात असाल तर बोर्डाची रचना वेगळी असेल, प्रश्न हेच. कॉलेजचे अक्रेडिटेशनचे अहवाल वेबसाइटवर असतात, त्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल काय लिहिलंय ते मुलाला कोर्स घ्यायला लावण्याआधी वाचा. आपण रेट माय प्रोफेसर वाचतो, ते वाचा, पण हेही वाचा.

आणि घरी एक करा. फ्लेक्स डेच्या दुसऱ्या दिवशी मुलाला विचारा, "सरांनी आज काही वेगळं केलं का?" उत्तर "काही नाही" असं चारदा आलं, तर बोर्डाला विचारायला तुमच्याकडे सहावा प्रश्न तयार आहे. आणि "आज त्यांनी सगळ्यांची नावं विचारली" असं आलं, तर त्या शिक्षकाला दोन ओळींचा ईमेल मुलाकडून पाठवा. डीनला सीसी करायला सांगा. तक्रारीचे ईमेल आम्हाला भरपूर येतात. या दुसऱ्या प्रकारचे फार कमी, आणि बजेटच्या मीटिंगमध्ये तेच उपयोगी पडतात.

तेव्हा पुढच्या वेळी "उद्या कॉलेज बंद" असा मेसेज आला की हसरा चेहरा टाकण्याआधी एवढंच विचारा, "काय शिकणार आहेत?" काकांच्या रिफ्रेशर कोर्सला आपण हा प्रश्न कधी विचारला नाही. इथे तरी विचारूया.

तुमच्या मुलांचा किंवा तुमचा स्वतःचा कम्युनिटी कॉलेजचा अनुभव खाली जरूर लिहा. चांगला, वाईट, दोन्ही. आणि इथे शिकवणारं आणखी कुणी असेल तर तुमच्याकडे पार्ट टाइम शिक्षकांना या दिवसांचे पैसे मिळतात का, ते नक्की सांगा. एका राज्याचं उदाहरण दुसऱ्या राज्यात दाखवायला कामी येतं.